सतरा नंबरचा हिरवा प्लॉट

वेल्सच्या एका डोंगरावर, हजार फूट उंचीवर, जुलैच्या पहिल्या रविवारी एकोणपन्नास मराठी माणसं बार्लीच्या एका तुकड्यासमोर हात जोडून उभी होती. साल १९८८. वारा बोचरा होता, ढग डोक्याला टेकतील इतके खाली आले होते आणि अनोरॅक जाकिटांच्या खालून बायकांचे पदर फडफडत होते. लंडनच्या एजवेअरहून पहाटे निघालेला कोच खाली गेटपाशी थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर आत बसून पेपर वाचत होता. त्या दिवशी त्या डोंगरावर शहाणा माणूस तेवढा एकच होता. मी स्वतःला त्यात धरत नाही. का, ते कळेलच.

चमत्कार मात्र डोळ्यांना दिसत होता, हे कबूल केलं पाहिजे. सगळ्या उतारावर पीक पिवळं पडून वीतभरावर खुंटलं होतं. काही ठिकाणी तर नुसती काळी माती आणि शेवाळं. आणि गेटाजवळच्या कोपऱ्यात आठ मीटर लांब, दीड मीटर रुंद असा एकच तुकडा गर्द हिरवा, कमरेइतका उंच, ओंब्या बाहेर पडू लागलेला. कुणीतरी त्याला झेंडूची माळ घातली होती. झेंडू प्लॅस्टिकचे होते, कारण त्या डोंगरावर खरे कुठून मिळणार.

त्या तुकड्यापुढे अंकुरनाथ महाराज उभे होते. पन्नाशीचे, गोरेपान, भगव्या कफनीवर डफल कोट आणि पायांत हिरवे वेलिंग्टन बूट. आवाज गोड होता आणि सवयीचा होता.

"ही भूमी वांझ होती," ते सांगत होते. "गव्हर्न्मेंटचे सायंटिस्ट इथे वर्षानुवर्षं डोकं आपटत होते. मोठी मोठी मशिनं, मोठ्या मोठ्या डिग्र्या. आम्ही काय दिलं? आमच्या धुनीतला चिमूटभर अंगारा. पॉझिटिव्ह व्हायब्रेशन मातीला कळतं, बाळांनो, माणसालाच कळत नाही. आता मला सांगा, जो अंगारा दगडातून दाणा काढतो, तो तुमच्या देहातून रोग काढणार नाही?"

मग पुड्या वाटल्या गेल्या. लोक रांगेनं येत होते, वाकत होते, पुडी कपाळाला लावून खिशात ठेवत होते. रांगेच्या शेवटी मला डॉक्टर श्रीनिवास दिसला. ब्रिस्टलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हाडांचा सर्जन, माझा पंधरा वर्षांपासूनचा मित्र, घरात गणपतीसुद्धा बायकोच्या आग्रहानं बसवणारा. त्याचे चकचकीत बूट चिखलात घोट्यापर्यंत रुतले होते. त्यानंही पुडी घेतली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर तो म्हणाला, सहज आलो होतो. एजवेअरच्या लोकांच्या कोचमधून, ब्रिस्टल वाटेत असलं तरी, इतक्या लांबवर डोंगरावर सहज कुणी येत नाही. पण मी जास्त विचारलं नाही. मला त्या दिवशी माझ्याच तोऱ्यातून सवड नव्हती.

कारण तो हिरवा तुकडा माझा होता.

माझं नाव विनय. मी बियाण्यांचा माणूस, ब्रिस्टलजवळच्या एका संस्थेत धान्याची संकरित वाणं तयार करण्याचं काम करत होतो. वेल्सच्या डोंगरांत मेंढ्यांवर जगणारी माणसं आहेत. हिवाळ्यात मेंढ्यांना घालायला दाणा खालून विकत आणावा लागतो आणि त्यातच त्यांचं कंबरडं मोडतं. त्यांच्या आंबट, थंड, दगडाळ मातीत, आंबटपणा मारणारा चुना न घालता, जेमतेम खतावर तग धरेल अशी बार्ली सापडते का, हे आम्ही बघत होतो. वीस संकरित वाणं होती. प्रत्येक वाण एकाच ठिकाणी न पेरता उतारावर चार निरनिराळ्या जागी पेरलं होतं, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. एखाद्या जागेची माती बरी निघाली तर त्याचं श्रेय बियाण्याला जाऊ नये म्हणून हा खटाटोप. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. मी तो विद्यार्थ्यांना शिकवत असे.

सतरा नंबरचं वाण माझ्या हातचं होतं. सात वर्षं मी त्याच्या आईबापांची लग्नं लावत आलो होतो. जूनमध्ये गेटाजवळचा तो प्लॉट हिरवा गर्द उठलेला पाहिला आणि मी गाडीतच रिपोर्टचा पहिला मसुदा लिहिला. सतरा नंबर बाकीच्या तीन जागी मेलं होतं, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण एका जागी सशांनी खाल्लं होतं, दुसऱ्या जागी पाणी साचलं होतं, तिसरीकडे वारा लागत होता. कारणं हवी तितकी मिळतात. सरकार पुढच्या वर्षी आमचे पैसे तोडणार अशी कुणकुण होती, आणि बुडत्याला काडीचा आधार लागतो. माझी काडी हिरवी होती, इतकंच.

त्यामुळे हरीशरावांनी विचारलं की आमच्या सत्संगातली मंडळी शेतावरची ही ट्रायल बघायला येतील, चालेल का, तेव्हा मी आनंदानं हो म्हणालो. हरीशराव आमच्या संस्थेचे शेतावरचे तंत्रज्ञ. पेरणीचं यंत्र तेच चालवायचे. चार वर्षांपूर्वी बायको गेली आणि त्यानंतर ते दर रविवारी एजवेअरला महाराजांकडे जाऊ लागले. सरळ माणूस, खोटं बोलता न येणारा. महाराज येणार आहेत हे त्यांनी सांगितलं होतं. महाराज बोलणार आहेत हे सांगितलं नव्हतं.

मी त्या एकोणपन्नास माणसांपुढे दहा मिनिटं भाषण ठोकलं होतं. हे वाण वेगळं आहे, अशा मातीत असं पीक मी आजवर पाहिलं नाही, वगैरे. टाळ्या पडल्या. लगेच महाराजांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ऐकलंत, सायंटिस्ट साहेब स्वतः सांगताहेत, असं त्यांनी पाहिलं नाही. कॅमेरा वाजला. मी चिडून म्हणालो की हे बियाण्यामुळे आहे, तुमच्या राखेमुळे नाही. ते हसले. त्या दिवशी महाराज अर्धं खरं बोलत होते आणि मी पूर्ण खोटं बोलत होतो, हे कळायला मला पाच आठवडे लागले.

पंधरा दिवसांत एजवेअरपासून बेसिंगस्टोकपर्यंत मराठी घराघरांत एक पत्रक पोचलं. वर माझा फोटो, संस्थेचं जाकीट घातलेला, खांद्यावर महाराजांचा हात. खाली लिहिलं होतं, ब्रिटिश शास्त्रज्ञाची साक्ष. त्याखाली अंगाऱ्यानं बरे झालेल्या लोकांची पत्रं. बेसिंगस्टोकच्या एका गृहस्थांची साखर उतरली होती आणि त्यांनी इन्सुलिन सोडलं होतं. मी ते वाचून हसलो आणि पत्रक ड्रॉवरमध्ये टाकलं. ते बाहेर काढून कुणाला तरी फोन करायला हवा होता.

जुलैअखेरीस दुसरं पत्रक आलं. त्यात बेसिंगस्टोकचे गृहस्थ नव्हते. मी हरीशरावांना विचारलं. ते यंत्राला तेल घालत होते, मान वर न करता म्हणाले, "ते गेले. पण शांतपणे गेले हो. महाराज म्हणाले, श्रद्धा थोडी कमी पडली."

त्याच संध्याकाळी श्रीनिवासचा फोन आला.

सुप्रभावहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, स्तनात गाठ होती. जूनमध्ये तुकडा काढून तपासला होता आणि तो कॅन्सरच निघाला होता. बारा जुलैला ऑपरेशन ठरलं होतं. वहिनींनी ते रद्द केलं. हॉस्पिटलनं नऊ ऑगस्ट अशी दुसरी तारीख दिली होती आणि तीही त्या सोडायला निघाल्या होत्या. कारणही श्रीनिवासनं सांगितलं. वहिनींची मावशी चाकूखालीच गेली होती, लहानपणी त्यांनी ते पाहिलं होतं. त्यांना भूल या शब्दाचीच भीती होती. तो तीन जुलैला डोंगरावर गेला होता तो त्यांच्यासाठी पुडी आणायला.

मी त्याला काय वाटेल ते बोललो. तू सर्जन आहेस, रोज माणसं कापतोस, तुला लाज वाटली नाही का, असंही बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"विनय, मी तिला रोज सांगतोय," तो म्हणाला. "ती तुझा फोटो दाखवते. म्हणते, विनयभावजी खोटं बोलतील का? त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मी काय सांगू तिला? यू टेल मी."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी शांत होत्या. रोज सकाळी उपाशीपोटी अंगारा पाण्यातून घेत होत्या. मी बियाण्याचं, संकराचं, जनुकांचं सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाल्या, तुम्ही म्हणता बी, महाराज म्हणतात अंगारा, मला कुणाचंच नको, मला शेत दाखवा. मी बघेन आणि मग ठरवेन. शनिवारी न्या.

ऑपरेशन मंगळवारी होतं.

सहा ऑगस्टच्या शनिवारी आम्ही तिघं निघालो. गेट उघडायला हरीशराव आधीच येऊन थांबले होते. डोंगरावर धुकं होतं आणि कुठेतरी मेंढ्या खोकत होत्या. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता, की या बाईनं तो हिरवा तुकडा पाहिला आणि हात जोडले, तर मी तिला मारलं असं होईल. मी बनवलेलं बी, मी दिलेली साक्ष, मी आणलेली गाडी.

वहिनी प्लॉटपाशी गेल्या. ओंब्या आता पिवळसर होऊ लागल्या होत्या, तरी बाकीच्या उताराशी तुलनाच नव्हती. त्यांनी हात जोडले नाहीत. त्या साडीचा ओचा खोचून खाली बसल्या आणि प्लॉटच्या कडेनं, गुडघ्यांवर, पुढे सरकू लागल्या.

"हे शेजारचं कुठलं बी?" त्यांनी विचारलं.

अकरा नंबर, मी म्हणालो. ते त्या वर्षीचं सगळ्यांत नालायक वाण होतं.

"मग याची ही एकच ओळ हिरवी का? तुमच्या सतराला लागून आहे ती. पलीकडच्या बाजूच्या शेजाऱ्याची नाही."

मी ती ओळ दोन महिने पाहत होतो. वहीत तिच्यापुढे मी 'कडेचा परिणाम', म्हणजे कडेच्या ओळी नेहमीच जरा वेगळ्या वाढतात, असं लिहून मोकळा झालो होतो. नाव दिलं की विचार करायची गरज उरत नाही, हा रोग फक्त भाविकांनाच होतो असं नाही.

वहिनींनी त्या हिरव्या ओळीच्या बुडातली माती उकरली, बोटांत चुरली आणि उजेडाकडे धरली. काळ्या मातीत राखाडी, पांढुरके कण होते. त्यांनी ती हुंगली. मग त्या इतक्या हळू बोलल्या की आम्हाला वाकावं लागलं.

"हा तर राब आहे."

श्रीनिवासला कळलं नाही. मलाही क्षणभर कळलं नाही, कारण मी पुण्याच्या पेठेत वाढलो आणि शेती पुस्तकात शिकलो. वहिनींचे वडील वेल्ह्याकडच्या एका वाडीत शिक्षक होते. तिथल्या डोंगरउतारावर लोक उन्हाळ्यात एका तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून जाळायचे आणि त्या राखेत नाचणीचं बी टाकायचे. वहिनी सांगत होत्या, राब जिथे भाजलाय तिथे रोपं अशीच उठतात, काळी हिरवी. वाऱ्यानं राख शेजारी उडाली तर तिथेही एक पट्टा हिरवा होतो. लहानपणी त्या पट्ट्यांवरून वारा कुठला होता ते ओळखायचा त्यांचा खेळ होता. कुणी त्याला चमत्कार म्हणत नसे, कारण राख वाहून प्रत्येकीची पाठ मोडलेली असे.

"भावजी, हे सतरा नंबर आणखी कुठे पेरलंय?"

"तीन ठिकाणी."

"तिथे कसं आहे?"

मी मान खाली घालून गाडीकडे वळलो.

गाडीत माती तपासायची पेटी नेहमी असते. नळीत माती, पाणी आणि रंगाचे थेंब घालायचे आणि हलवायचं. आंबट माती नारिंगी दिसते, आंबटपणा मेलेली माती हिरवी. शाळेतलं पोरही करील असं काम, आणि मी ते त्या कोपऱ्यात केलं नव्हतं. पेरणीआधी सगळ्या उताराची माती एकदा तपासली होती, मग कशाला? आता तपासली. मेलेल्या प्लॉटांतली तिन्ही ठिकाणची माती नारिंगी. गेटाजवळच्या प्लॉटची हिरवी. अकरा नंबरच्या त्या एका ओळीखालची हिरवी. तिच्या पुढच्या ओळीखालची नारिंगी.

मग आम्ही सगळे हरीशरावांकडे वळलो. त्यांनी आपणहून सांगितलं. एप्रिलमध्ये, पेरणीच्या आदल्या दिवशी, महाराजांनी दिलेला अंगारा त्यांनी त्या प्लॉटमध्ये दाताळ्यानं मिसळला होता. महाराजांनी आधी माती कशी आहे ते नीट विचारून घेतलं होतं. जागा गेटाजवळचीच निवडा, लोकांना दिसली पाहिजे, हेही त्यांनीच सांगितलं होतं. राखच तर आहे, त्यानं काय बिघडणार, ट्रायल टिकली तर सगळ्यांचीच नोकरी टिकेल, असं हरीशरावांना वाटलं होतं.

"किती होता अंगारा?" वहिनींनी विचारलं.

"चार पिशव्या, वहिनी. दोन दोन किलोच्या."

वहिनींनी खांद्यावरच्या पर्समधून आपली पुडी काढली. नखावर मावेल एवढी. "मला एवढा," त्या म्हणाल्या, "आणि बार्लीला आठ किलो."

पिशव्या हरीशरावांनी फेकल्या नव्हत्या. प्रसादाच्या पिशव्या कोण फेकेल? अवजारांच्या शेडमध्ये देवाच्या तसबिरीमागे त्यांनी त्या घडी करून ठेवल्या होत्या. वरून भगवं कापड, आत प्लॅस्टिक. मी कापड सोडवलं. प्लॅस्टिकची पिशवी उलटी करून शिवलेली होती. सुलटी केल्यावर आतली छपाई बाहेर आली: एका बागेचं चित्र, आणि खाली बागेत घालायच्या चुन्याचं नाव आणि वजन. तो चुना, थोडी लाकडाची राख आणि चंदनाचा वास, एवढाच सगळा अंगारा होता. पुडीतल्या भुकटीवर थेंब टाकले, तीही हिरवी निघाली.

हरीशराव शेडच्या उंबऱ्यावर बसले आणि रडू लागले. वहिनी त्यांच्याजवळ गेल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या.

"महाराजांनी मला फसवलं, ते लबाडच आहेत," त्या म्हणाल्या. "पण मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता, भावजी. तुमच्यावर ठेवला होता."

परत येताना गाडीत त्यांनी श्रीनिवासला एवढंच विचारलं, की मंगळवारी भूल देणारा माणूस कोण असेल आणि तो चांगला आहे का.

रविवारी त्या हट्टानं एजवेअरला आल्या. सत्संगाच्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती. मी तीन नळ्या घेऊन उभा राहिलो. पहिलीत डोंगराची माती, नारिंगी. दुसरीत हिरव्या प्लॉटची माती, हिरवी. तिसरीत डोंगराचीच नारिंगी माती घेतली, शनिवारी संध्याकाळी गार्डन सेंटरमधून आणलेला चिमूटभर चुना त्यात टाकला आणि सगळ्यांसमोर हलवली. मंत्र नाही, धुनी नाही. नळी हिरवी झाली. मी पिशवी सुलटी करून दाखवली. आणि मग माझी चूक सांगितली: चार जागांपैकी तीन जागी पीक मेलं होतं आणि मी तुम्हाला फक्त चौथी दाखवली.

टाळ्या पडतील, लोक महाराजांना जाब विचारतील, असं मी मनात धरून गेलो होतो. तसं काहीच झालं नाही. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी हिरव्या नळीला नमस्कार केला. बाकीचे माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी उचलून न्यायला आलो होतो.

महाराज चिडले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि वहिनींकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "चुना आमच्याच आज्ञेनं चुना असतो, बाई. तुमची श्रद्धा आटली. मंगळवारी चाकू लागेल तेव्हा आमची आठवण होईल."

हा शाप होता आणि तो दोनशे माणसांनी ऐकला होता. श्रीनिवासनं वहिनींचा दंड धरला. त्या बोलल्या.

"मंगळवारी मी मेले तर कॅन्सरनं मरेन. आणि जगले तर डॉक्टरांमुळे जगेन. तुमचा दोन्हीत काही संबंध नाही. बेसिंगस्टोकमध्ये मात्र आहे."

कुणीतरी माइक बंद केला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मागे भजन सुरू झालं होतं. पार्किंगमध्ये सत्संगाचे सेक्रेटरी जयंतराव धावत आले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, महाराज दीक्षेआधी सहा वर्षं बागकामाच्या दुकानात होते, चुन्याच्याच काउंटरला. हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, कुणी विचारलं नाही.

नऊ तारखेला ऑपरेशन झालं. महाराजांच्या शापाचा चाकूवर काही परिणाम झाला नाही. काखेतल्या दोन गाठींपर्यंत रोग पोचला होता. त्या महिन्यात अकरा जणांनी पुड्या परत केल्या, त्यांतल्या तिघांनी सोडलेली औषधं पुन्हा सुरू केली. हरीशराव बेसिंगस्टोकच्या त्या घरी गेले आणि त्या गृहस्थांच्या पत्नीसमोर सगळं बोलले. महाराज सप्टेंबरमध्ये दुसऱ्या गावी गेले. आमची ट्रायल पुढच्या वर्षी बंद झाली. सतरा नंबर कुठेही लावलं गेलं नाही, आणि ते योग्यच झालं.

मी कोचमधल्या सगळ्यांना पत्र लिहून चुना, राख आणि माझी चूक हे सविस्तर कळवलं. एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना सगळं पटलं होतं. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की चुनाच जर एवढा गुणकारी आहे, तर तो दिवसातून किती घ्यायचा.

हे त्यांना हसण्यासाठी सांगत नाही. त्या पत्रात मी काय चुकलो ते मला त्या फोननं कळलं. मी कारण सांगितलं होतं, पण प्रश्न कसा विचारायचा ते सांगितलं नव्हतं. म्हणून आता ते सांगतो. कुणी बरं झालेला एक माणूस दाखवला, की न बरे झालेले किती, ते विचारा. ते कुठे आहेत ते विचारा. पत्रकातून नाव गळालं तर त्याच्या घरी फोन करा. साक्ष देणारा मोठ्या पदव्यांचा असला, माझ्यासारखा जाकीट घातलेला असला, तर दुप्पट विचारा. आणि तुमच्या मनाजोगतं उत्तर मिळालं तर तिप्पट.

सुप्रभावहिनी साडेचार वर्षं जगल्या. त्यांत शेवटचे सहा महिने वाईट गेले. १९९३च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. ऑपरेशन चार आठवडे आधी झालं असतं तर त्या आज असत्या का, असं श्रीनिवासनं मला एकदा विचारलं. मला सांगता येत नाही. शेतात एकच बी आम्ही चार ठिकाणी पेरतो म्हणून आम्हाला काहीतरी कळतं. वहिनी एकच होत्या. ते चार आठवडे त्यांना पुन्हा देऊन बघता येत नाही, आणि म्हणूनच ते कुणाला घेऊ द्यायचे नसतात. तुमच्या घरात कुणाला तारीख मिळाली असेल, तर अंगारा असू दे, फोटो असू दे, माझ्यासारख्याची साक्ष असू दे. त्या तारखेला त्यांना हॉस्पिटलात घेऊन जा.